पुलाखाली बसणारे कमरूभाई

फुलंब्रीच्या वाटेवरच्या त्या बाजारगावात दगडी पूल कुणी बांधला, हे विचाराल तर दहा माणसं बारा नावं सांगतील. तो सांभाळतं कोण, याचं उत्तर मात्र एकच होतं: कमरोद्दीन गवंडी. दरसाल पावसाळ्याआधी कमरूभाई चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर मळायचे, कमानीचे सांधे भरायचे आणि पहिली भरलेली गाडी वरून जाईपर्यंत खुशाल कमानीखाली बसायचे. बापजाद्यांची रीत होती ती. ते बसल्याशिवाय गाडीवान पुलावर बैल घालत नसत.

पोलीस अ‍ॅक्शननंतर पुलाच्या देखभालीपोटी मिळालेलं इनाम गेलं, पण कमरूभाईंची थापी थांबली नाही. काही तोंडं ‘निजामाचा माणूस’ म्हणायची. ते ऐकून घ्यायचे. आपण या गावाचे उरलो की नाही, हा सल मात्र आत होताच.

सात-आठ वर्षांनी व्यंकटराव नावाचे बांधकाम खात्याचे नवे ओव्हरसियर आले. माणूस वाईट नव्हता, पण सिमेंटपुढं त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांनी दुसरी माणसं लावून पूल सिमेंटनं गच्च भरून घेतला. कमरूभाईंना विचारलंसुद्धा नाही. मग दोन दिवस पाऊस झाला आणि बाजाराच्या दिवशी सगळ्या गाड्या पुलाशी येऊन थांबल्या.

“पूल नवा झालाय, हाका!” व्यंकटराव ओरडले.

“कमरूभाई बसल्याबिगर नाय,” पुढच्या गाडीवरचा सांडू म्हणाला.

झक मारत व्यंकटराव कमरूभाईंच्या दारी गेले. “नुसतं बसा. पुढच्या सालापासून पुलाचं काम तुम्हालाच.”

“एक घडी की तो बात है जी, बैठ जाव ना,” आतून त्यांची बायको रईसा म्हणाली. घरात एकवेळच चूल पेटत होती. तिचं तरी काय चुकलं?

कमरूभाई आले, कमानीखाली वाकले. पुलात मुरलेलं पाणी निघायला जुन्या गवंड्यांनी भोकं ठेवली होती, तीही बुजवलेली. दगड ओलेगच्च झाले होते.

“साहेब, याच्या पोटात पाणी कोंडलंय. मी नाय बसत.”

“मग काम विसरा.”

“विसरलो,” म्हणत त्यांनी छिन्नी काढली. गाड्या निघून गेल्या, तर कामही गेलं आणि शब्दही गेला.

एकही गाडी हलली नाही. सांडूनं बैल सोडले, त्यांना वैरण टाकली आणि खाली येऊन मलब्याचं टोपलं धरलं. पाठोपाठ आणखी चौघं आले. कमरूभाईंना रडू फुटलं. डोळ्यांत सिमेंटची धूळ गेली म्हणाले. दुपारी शेवटचं भोक मोकळं झालं तसं गढूळ पाणी भसाभसा बाहेर आलं. व्यंकटरावांचं तोंड एवढंसं झालं.

कमरूभाई कमानीखाली बसले. सांडूनं गाडी जुंपली. तेवढ्यात व्यंकटराव खाली उतरले आणि चिखलात त्यांच्या शेजारी बसले. डोक्यावर चाकं खडखडू लागली, तसा साहेबांनी कमरूभाईंचा हात घट्ट धरला.

“भिऊ नका साहेब,” कमरूभाई म्हणाले. “आपल्याच गावचा पूल हाय.”