ड्रम चालू, मंडप रिकामा

माझे काका तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका छोट्या संगीतसभेचे चिटणीस होते. सरकारी कचेरीत ते दिवसभर खाली मान घालून काम करत आणि संध्याकाळी सभेत आले की मान वर होई. मूलबाळ नव्हतं. सभा हेच त्यांचं लेकरू, आणि तेही द्वाड.

सभेचे अध्यक्ष म्हणजे कावेरीकाठचे एक बडे जमीनदार. चिटणीसपद आपल्या जावयाला मिळावं म्हणून ते कधीपासून टपून बसले होते. त्या वर्षी रामनवमीच्या उत्सवातल्या शेवटच्या कचेरीचे (आमच्याकडे गाण्याच्या मैफलीला कचेरी म्हणतात) गायक घसा बसल्यामुळे येऊ शकत नाहीत असा निरोप आला. अध्यक्षांनी भर बैठकीत काकांना सुनावलं, "कोणालाही आणा. पण शेवटच्या मंगलमला मंडप भरलेला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर चिटणीस दुसरा बघूं."

काका घरी आले ते न जेवताच झोपले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातल्या सगळ्या अडचणींवर माझ्याकडे उपाय होते. माझा थोरला भाऊ तिरुचीला हॉस्टेलात राहून शिकत होता. मद्रासची चार मुलं विजेची गिटारं घेऊन त्याच्या कॉलेजात येणार होती. मद्रासच्या कॉलेजांतून त्यांचं भारी नाव झालं होतं. गाणी ती स्वतःच रचत, आणि परतीची त्यांची गाडी तंजावरवरूनच जायची. मी काकांना उठवून हे सांगितलं.

"रामनवमीला गिटार?" काका म्हणाले.

"रामानं काय नको म्हटलंय काय?" मी म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार, तसे काका तयार झाले.

भावाबरोबर मुलं आली. चिंचोळ्या पँटी, टोकदार बूट, कपाळावर झुलपं. चौघेही गोंधळलेले, कारण भावाने त्यांना 'मोठा हॉल' सांगितला होता आणि समोर होता नारळाच्या झावळ्यांचा मांडव. व्यासपीठावर पट्ट्यापट्ट्यांचं जमखान घातलेलं, मागे रामाची तसबीर. काकांनी अतिशय नम्रपणे त्यांना बूट काढून खाली बसायला सांगितलं. देवासमोर उभं राहून वाजवायचं, हे काकांच्या सात पिढ्यांनी ऐकलं नव्हतं.

त्या पँटींत मांडी घालणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. एकाने प्रयत्न केला, टर्रकन आवाज आला, आणि काकांनी आपलं उपरणं धावत नेऊन त्याच्या मांडीवर टाकलं. बाकी दोघे पाय पसरून बसले, तेव्हा तळवे थेट अध्यक्षांच्या तोंडासमोर आले. त्यांवरही उपरणी पडली. ड्रम वाजवणाऱ्याला एक ढोल पायाने वाजवायचा असल्यामुळे स्टूल मिळालं. तिघे गिटारवाले पांघरूण घेतलेल्या आजाऱ्यांसारखे दिसत होते आणि त्यांच्यावर देखरेख करायला तो एकटा उंचावर.

गिटारं सुरात लावायला त्यांनी बराच वेळ घेतला. ते लावणं संपलं तेव्हा लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांना ते पहिलं गाणं वाटलं होतं. खरं पहिलं गाणं सुरू झालं तशी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मांडीवर हाताने ताल धरला. दोन-तीन गाणी अशी बरी गेली. एकाने तर "भले!" म्हटलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आणि मग ड्रमवाला एकटा वाजवू लागला.

आमच्या गावची एक रीत इथे सांगायलाच हवी. कचेरीत मृदंगाचं एकट्याचं वादन सुरू झालं की मंडळी उठून कॉफी प्यायला जातात. त्यात कोणाचा अपमान नसतो, मृदंगवाल्यालाही ते ठाऊक असतं. वादन संपल्याचं कानावर आलं की सगळे परत येतात. मधेच घुसून बसणं मात्र असभ्यपणाचं. तर ड्रम एकटा वाजू लागताच सगळा मंडप एका अंगाने उठला आणि मागच्या कॉफीक्लबात गेला. रामाच्या तसबिरीसमोर उरले फक्त काका, पहिल्या रांगेत, मान खाली घालून.

मद्रासच्या त्या पोराला ही रीत कोण सांगणार? गाव उठून गेलेलं पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो चवताळला. असा काही बडवू लागला की झावळ्यांतून धूळ खाली पडू लागली. मी व्यासपीठाच्या कडेला जाऊन हातवारे केले, "थांबा!" त्याला वाटलं मी "वाढवा" म्हणतेय. त्याने वाढवलं. उपरण्याखालचा एक गिटारवाला माझ्याकडे झुकून इंग्रजीत ओरडला, की लोक परत आल्याशिवाय हा थांबायचा नाही, मरेल पण थांबायचा नाही.

मी कॉफीक्लबाकडे धावले. तिथे वेगळंच चाललेलं. ड्रम लांबत होता तसा ड्रमवाल्याबद्दलचा आदर वाढत होता.

"काय दमसास अहे पोराचा!" एक आजोबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरी कॉफी मागवली.

"आजोबा, आत चला ना! तुम्ही आल्याशिवाय तो थांबत नाही."

"अय्यो, वाजत असतां मधें कसं जाणार? विद्वानाचा अपमान होईल नव्हे? संपूं दे, येतों."

म्हणजे लोक आल्याशिवाय तो थांबणार नाही, आणि तो थांबल्याशिवाय लोक येणार नाहीत. आणि अध्यक्ष बाकावर बसून, पेल्यातली कॉफी वरून खाली डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतत, रिकाम्या मंडपाकडे अगदी प्रेमाने बघत होते. जावई शेजारीच होता.

"सरी, सरी, बरं बरं," ते मला म्हणाले, "मंगलमपर्यंत वाट बघूं की."

माझं टाळकं सरकलं आणि तिथेच मला सुचलं. मंगलम! कचेरीच्या शेवटचं ते गाणं सुरू झाल्यावर आमच्या गावात कोणी बाहेर राहत नाही. ते चुकवणं अशुभ. घास तोंडात असला तरी माणूस धावत येतो आणि हात जोडून उभा राहतो. मी व्यासपीठावर चढले, माइक ओढला आणि मंगलम सुरू केलं.

माझ्या आवाजाबद्दल इतकंच सांगते, की गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आईला मला भरतकामाला घालायचा सल्ला दिला होता. पण मंगलम ते मंगलम. कॉफीक्लब ओसंडून मंडपात आला. लोक धावत आले, कोणाच्या हातात पेला, कोणाच्या तोंडात वडा. अध्यक्षांनाही यावंच लागलं. सगळं गाव आपल्या अंगावर चालून येतंय हे बघून ड्रमवाल्याने शेवटचा एक दणका दिला आणि काठ्या टाकून दिल्या. मंडप खचाखच भरला होता. सगळे उभे, सगळ्यांचे हात जोडलेले.

मुलांना वाटलं, हा मान आपला. ड्रमवाला ढसाढसा रडला. असे रसिक मद्रासला नाहीत, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यांची अर्धी गाणी राहिली होती, पण मंगलमनंतर आमच्याकडे कोणी गात नाही. कापूर लागला, खडीसाखर वाटली गेली, आणि भाऊ त्यांना स्टेशनावर घेऊन गेला. अध्यक्ष काकांजवळ येऊन एवढंच म्हणाले, "मंडप भरला होता, खरं." चिटणीसपद वाचलं.

मी फुशारकीने काकांसमोर जाऊन उभी राहिले. निदान पाठीवर थाप तरी मिळेल असं वाटत होतं. काका तसेच पहिल्या रांगेत बसलेले. ताल धरून धरून दुखणारी उजवी मांडी चोळत होते, आणि डोळे ओले होते. मान खाली घालून ते शरमत नव्हते, ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं.

"कोण सांगितलं ग तुला मंगलम म्हणायला?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा काका माझ्यावर ओरडले.

"काका, तुमचं पद जात होतं!"

"जाऊं दे होतीस! पद गेलं असतं तर घरीं बसलों असतों. कुठून कुठें गेलं होतं तें पोर, आणि परत येत होतं ग, येत होतं. तो समेवर आला असता का नाही, हें आतां मला कोण सांगणार?"