बर्फातले पंच

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही क्राइस्टचर्चमधल्या रिकार्टनहून निघालो. गाडीच्या टपावर माझ्या स्की, मागच्या सीटवर चहाचा थर्मास आणि शेजारी माझे वडील. त्यांच्या अंगात माझ्या मुलाचं जाडजूड जॅकेट आणि डोक्याला कराडहून आणलेली कानटोपी होती. मी प्रौढ हौशी लोकांच्या स्की-शर्यतीत उतरणार होते. बाबा सोबत होते ते केवळ घरी एकटे बसू नयेत म्हणून.

आदल्या वर्षी आई गेली. त्यानंतर सहा महिन्यांसाठी मी त्यांना क्राइस्टचर्चला आणलं. नवरा आणि मी कामावर, नातवाला मराठी कळतं पण तो उत्तर इंग्रजीत देतो. बाबा दिवसभर हीटरशेजारी बसून असत. ज्यांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, जिल्हाभर खो-खोच्या सामन्यांत पंच म्हणून शिट्टी फुंकली, ते आता मला विचारून चहा करत.

शहर मागे पडलं की कँटरबरीची सपाट कुरणं लागतात. मेंढ्या, पाइनच्या उंच रांगा आणि समोर पांढरे डोंगर. स्प्रिंगफील्डला कॉफीसाठी थांबलो. बाबांनी भाजीचं सारण भरलेली भाजकी पेस्ट्री, इथली ‘पाय’, खाल्ली.

"ही तर तिखट करंजी!" ते म्हणाले. सकाळपासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य.

घाट चढून स्की क्लबच्या कच्च्या रस्त्याला लागलो. इथून पुढे बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधाव्याच लागतात. मी घाईघाईत बांधलेली एक साखळी दुसऱ्याच वळणावर निसटली आणि गाडी बर्फात आडवी झाली. मी घाबरले. बाबा मात्र शांतपणे उतरले, दुसऱ्या चाकावरची साखळी निरखून, हातमोजे काढून वाकले आणि म्हणाले, "उलटी लावली आहेस. आकडा बाहेरच्या बाजूला हवा." पाच मिनिटांत आम्ही पुन्हा निघालो.

क्लबचं लॉज म्हणजे लाकडी भिंतींचं एक जुनं घर. इथे नोकरचाकर नाहीत. स्वयंपाकापासून बर्फ उपसण्यापर्यंत सगळं सभासदच करतात. दारातच हेदर भेटली. अडुसष्ट वर्षांची, निवृत्त नर्स, आमच्या तिघांच्या संघाची कप्तान. भूकंपात पडलेलं शहर पुन्हा उभारायला जे इंजिनिअर आले, त्यांतली मी एक. चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्की पायात घातल्या आणि अर्ध्या तासात बर्फात बसून रडले, तेव्हा ही बाई अनोळखी असून माझ्याजवळ येऊन बसली होती. त्यानंतरची पाच वर्षं तिनेच मला शिकवलं.

आज शर्यतीचा प्रमुख ग्रॅहम चिंतेत होता. गेटवर नजर ठेवणारा एक माणूस आजारी पडला होता. गेट म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांची जोडी. प्रत्येक जोडीमधून जायचं, एकही चुकवायची नाही.

"तुझे वडील काय करायचे?" हेदरने विचारलं.

"शिक्षक होते. आणि खो-खोचे पंच."

ग्रॅहम वळला आणि इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार करत म्हणाला, "पंच? किया ओरा, सर! आज आम्हाला एक पंच हवाय."

मी घाईने मध्ये पडले. "त्यांना पंचाहत्तरावं चालू आहे. इतक्या थंडीत..."

"मनीषा," बाबा मराठीत म्हणाले, "तू थांब जरा." मग सावकाश इंग्रजीत त्यांनी ग्रॅहमला विचारलं, "नियम काय आहेत?"

नियम सोपे होते. दोन्ही पाय खांबांमधून गेले पाहिजेत. गेट चुकलं तर खेळाडूने पुन्हा चढून यायचं आणि ते पार करायचं. पंचाने फक्त ‘बॅक’ म्हणायचं, मदत करायची नाही. तळाकडची तीन गेटं लॉजपासून पायी गाठता येत, ती बाबांच्या वाट्याला आली. ग्रॅहमने बाबांना गमबूट आणि कागद लावलेली पाटी दिली, आणि ते बर्फ तुडवत निघाले.

माझी पाळी आली तेव्हा ऊन पडलं होतं, पण उतारावर सावलीतला बर्फ काचेसारखा कडक होता. आमच्या संघाचे दोघे व्यवस्थित खाली पोचले होते. तिघांचीही वेळ नोंदली गेली तरच संघ धरला जातो. हेदरचा हा शेवटचा मोसम होता. पुढच्या हिवाळ्याआधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. म्हणून मला काहीही करून पूर्ण करायचं होतं.

पहिली दहा गेटं झकास गेली. वारा कानात घुमत होता, मी चक्क हसत होते. मग बाबांच्या दुसऱ्या गेटपाशी बाहेरची स्की घसरली, मी कुशीवर आपटले आणि खांबांना बाहेरून वळसा घालून खाली घरंगळले.

उठून पाहिलं. शेवटची रेषा अगदी समोर होती. आपण आतून आलो की बाहेरून, याची क्षणभर मलाच खात्री वाटेना. वर पाहिलं तर बाबा एक हात ताठ वर करून उभे होते.

"बॅक!" त्यांचा मैदानावरचा आवाज डोंगरभर घुमला. आणि नियमात नसलेलं मराठी पाठोपाठ आलंच, "मागे ये! चुकलं!"

आडव्या पावलांनी मी चढू लागले. मांड्या थरथरत होत्या, घड्याळ चालू होतं. बाबांपासून चार हातांवरून गेले, पण ते माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे पाहत होते. गेट पार झालं तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

खाली हेदरने मला घट्ट मिठी मारली. "वेळ नोंदली गेली ना? मग झालं तर! स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम झकास’. सहा संघांत आमचा पाचवा नंबर आला.

सगळे उतरल्यावर बाबा आले. ग्रॅहमने कागद पाहिला आणि मोठ्याने हसला. "स्वतःच्या मुलीला परत पाठवलं यांनी! सर, पुढच्या महिन्यातल्या शर्यतीला याल का?"

बाबांनी माझ्याकडे न बघताच "येस" म्हटलं. मग भोपळ्याचं गरम सूप पिताना ते ग्रॅहमला खो-खो समजावत बसले. जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून.

परतताना घाट उतरेपर्यंत ते बोलत होते, कोण कुठे घसरलं, कोणाचा तोल चांगला होता. सपाटीला लागल्यावर त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तू पडलीस ना, तेव्हा धावत यावंसं वाटलं. पण जागा सोडता येत नव्हती."

अंगभर ठणकत होतं आणि रस्ता धूसर दिसत होता. इतके दिवस मी बाबांना जपत होते, ऊब देत होते, त्यांच्या हातातलं काम काढून घेत होते. त्या अनोळखी माणसांनी त्यांना शेकोटीजवळची खुर्ची दिली नाही. सोडता येणार नाही अशी एक जागा दिली. त्यांचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.