डोळ्याला लावलेला हात

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. आमच्या सर्जन मॅडमची एक शिस्त आहे. ऑपरेशन संपलं की त्या मोठ्यानं विचारतात, "सिस्टर, जखम कोणती?" उत्तरं चारच: स्वच्छ, थोडी अशुद्ध, दूषित, नाहीतर पू झालेली. मोतीबिंदूला उत्तर जवळजवळ ठरलेलंच, "स्वच्छ." मला वाटायचं, बाई गं, कशाला रोज हा सोपस्कार!

एकदा चिरनेरच्या एक आजी आल्या. एक डोळा लहानपणीच गेलेला, उरलेल्यात पिकलेला मोतीबिंदू. हाही गेला असता तर कायमचा अंधार. ऑपरेशन दृष्ट लागावी असं झालं. "झालं हं, आजी," मॅडम म्हणाल्या. मी "स्वच्छ" म्हणणार, तोच आजींचा हात कापडाखालून बाहेर आला. चाचपडत तो मॅडमच्या कोपराला लागला आणि देवळाची पायरी शिवून डोळ्यांना लावावी तशी आजींनी ती बोटं थेट त्या डोळ्याला लावली.

माझ्या तोंडी शिवीच आली होती, गिळली. असिस्टंट डॉक्टर हळूच म्हणाले, "नुसता स्पर्श झालाय, मॅडम. स्वच्छच धरू या."

"आपण धरू हो, पण तो डोळा धरेल का?" मॅडम म्हणाल्या. "जखम दूषित. पुन्हा तयारी करा."

बाहेर पेशंट खोळंबले होते, ते तसेच राहिले. मॅडमनी गाऊन-हातमोजे बदलले, डोळा पुन्हा औषधानं धुतला, एक टाका घातला, आत अँटिबायोटिक सोडलं. दुसरं कुणी असतं तर आजींवर खेकसलं असतं. मी तर नक्कीच.

"माजं काय चुकलं का गो, बाय?" आजींनी विचारलं.

"तुमचं नाही, आजी. हात हलवायचा नाही हे मीच पुन्हा सांगायला हवं होतं."

तेव्हा मला मॅडमचा फार अभिमान वाटला.

त्या दिवशी आजींना घरी सोडलं नाही. सकाळी पट्टी काढली. मॅडम बराच वेळ डोळा तपासत राहिल्या. मी मनातल्या मनात देव आठवत होते.

"डोळा शांत आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

आजी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "तुजी टिकली लाल हाय गो!"

सवयीनं त्यांचा हात पुढे आला, मॅडमच्या हाताला लागला, वर निघाला आणि मध्येच थांबला. "नाय नाय, डोल्याला नाय लावायचा."

मॅडमनी तो हात धरला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला.