तीन कुऱ्हाडवाले आणि रुसलेला ड्रॅगन

लातूरचा माझा एक मित्र कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. त्याला सगळेच सर म्हणतात, अगदी त्याची आईसुद्धा. पेपरात कुठल्या धड्यावर किती प्रश्न येतात हे सरांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं, आणि ज्या धड्यावर प्रश्न येत नाहीत तो त्यांच्या लेखी छापलेलाच नसतो. माणूस वाईट नाही, सवय लागली आहे.

याच सवयीनं त्यांनी स्वतःचं लग्न उरकलं. मुहूर्त टळत चालला होता, म्हणून त्यांनी विधींची छाटणी केली आणि त्यात कानपिळी गेली. नवरीचा मोठा भाऊ निलंग्याहून नवे कपडे घालून आला होता. नवरदेवाचा कान पिळायला तो स्टेजच्या पायरीशी ताटकळत उभा, आणि सर हात जोडून म्हणाले, "ते राहू द्या, आधी फोटो उरकून घेऊ." भाऊ न जेवता गेला. बहिणीशी तो फोनवर बोलतो, पण या घरी अजून आलेला नाही.

आता सरांच्या लेकाचं जावळ खोळंबलंय. जावळ काढताना पोराला मांडीवर घ्यायला मामा लागतो. मामा म्हणतो, आधी त्यांनी स्वतः मला फोन करावा. सर म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून रुसणाऱ्याला फोन कशाला करायचा. आणि वहिनी, म्हणजे सरांची बायको, दोघांचं ऐकून घेतात.

या वहिनीच आम्हाला खेळ खेळवतात. खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकानं एक काल्पनिक वीर तयार करायचा. वहिनी त्यांच्या राज्यात काय घडतंय ते सांगणार, आपला वीर त्यावर काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. सुरुवातीला ठरावीक गुण मिळतात. ते ताकद, चपळाई, अक्कल आणि छाप यांत वाटायचे आणि ज्याचं काम पडेल ते फाशाच्या आकड्यात मिळवायचे. छाप म्हणजे समोरच्याशी बोलून त्याला आपलंसं करायची हातोटी. मी रविवारी विष्णुपुरीहून निघतो, नांदेडला एसटी धरतो आणि दुपारी लातुरात पोचतो. बायकोला मी कामाला जातो असं सांगत नाही, पण तिनं तसं समजून घेतलं तर दुरुस्तही करत नाही. तिसरा गडी म्हणजे सरांचा शेजारी, डाळमिलचा मालक.

परवा नवी गोष्ट सुरू व्हायची होती, त्यासाठी नवे वीर हवे होते. मी गुपचूप सरांना फोन करून विचारलं, गुण कसे वाटू? मालकानंही गुपचूप तेच केलं. लातुरात एकाचा क्लास चांगला निघाला की अख्खी गल्ली तिथंच पोरं घालते, तसं आमचं झालं. रविवारी तिघांनी कागद पुढे ठेवले तर तिन्हींवर एकच बुटका कुऱ्हाडवाला. ताकद ठासून भरलेली आणि छाप इतकी कमी की त्याहून कमी ठेवायला नियमाची परवानगी नव्हती.

वहिनींनी तिन्ही कागद पाहिले. "तिघं एका आईची लेकरं हायत का?"

"सर म्हणले, छाप पेपरात येत न्हाई," मालक म्हणाले.

वहिनींनी चहा आणि फरसाण आणून ठेवलं आणि गोष्ट सुरू केली. राजकन्येचं वऱ्हाड घाटातून चाललंय आणि वाटेत ड्रॅगन बसलाय. आम्ही तिघांनी कुऱ्हाडी उचलल्या. घाव बसले, फासेही चांगले पडले. पण ड्रॅगन उलटून मारेना, की उठेना. तो राजाचा सोयरा निघाला. मानपान झाला नाही म्हणून पाठ करून बसलेला.

"तो म्हणतो, मारा खुशाल," वहिनी म्हणाल्या. "पण मी जेवणार न्हाई."

म्हणजे आता मनधरणी आली, आणि मनधरणीला लागते छाप. मालकानं ड्रॅगनला पोतंभर तूरडाळ देऊ केली. फासा कमी पडला, ड्रॅगननं मान आणखी पलीकडे वळवली. मी त्याच्या पंखांचं कौतुक केलं, तर त्यानं डोळेच मिटले. सरांनी फासा हातात घेतला, पण टाकलाच नाही. मनात गणित केलं आणि म्हणाले, "वीस पडले तरी पुरत नाहीत."

"मग फासा ठेवा खाली. तोंडानं बोला."

"ड्रॅगन कुठल्या गावचा म्हणलात?" मालकानं फरसाणाचा बकाणा भरत विचारलं.

"निलंग्याकडचा."

मालकाचं तोंड चालायचं थांबलं. सरांचे कान लाल झाले. ते कागद उलटा करून त्यावर रेघा मारायला लागले. म्हणाले, पुढच्या रविवारी मी नवा वीर आणतो, सगळे गुण छापेत घालून.

"नवा वीर काय करून राहिलात तुम्ही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "लेकराचे केस डोळ्यात चाललेत. मला माझा भाऊ या घरात पाहिजे. बास."

त्यांनी फोन लावला आणि टेबलावर, फाशांच्या शेजारी, स्पीकरवर ठेवला. घंटी जायला लागली. शेकडो पोरांपुढे माईक धरून बोलणारे सर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बोलू?" मला त्यांची खरंच दया आली. पण मी तरी काय सांगणार, माझ्याही कागदावर तेवढीच छाप.

पलीकडून भावानं फोन उचलला.

"दादा, मी बोलतोय," सर म्हणाले. "ती कानपिळी... मी गाळायला नको होती. तुम्ही तयार होऊन उभे होता. मी बघितलं होतं."

पलीकडे भावानं घसा खाकरला.

"हाव दाजी. बोला."

सरांना त्यानं आजवर दाजी म्हटलेलं नव्हतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि तिथंच, आमच्यासमोर, हमसून रडायला लागल्या. सर एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं त्यांची पाठ थोपटत राहिले, आणि मी आणि डाळमिलवाले मालक खाली मान घालून फरसाण खात राहिलो.