चाची आणि चार सहली

बाजारात चाचीचा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत ऐकू यायचा. भांडताना मात्र ती तो इतका खाली आणायची, की स्वतःचा अपमान नीट ऐकायला आपल्यालाच पुढं वाकावं लागे. माण तालुक्यातल्या त्या शाळेत मी चार वर्षं नोकरी केली आणि दर वर्षी एकदा तरी अशी वाकले. मला तिचा मनापासून राग यायचा. तिलाही माझा यायचा, आणि तो तिनं कधी लपवला नाही.

ती बांगड्या विकायची. पेटी डोक्यावर घेऊन आसपासच्या गावांचे आठवडी बाजार करायची. नवरा मुंबईत एका बेकरीत कामाला होता. त्याची मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. सगळं गाव तिला चाची म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. तिची धाकटी मुलगी नसीम माझ्या वर्गात होती, सातवीत.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी साताऱ्याहून नवीन आलेली, शिक्षकांत सगळ्यांत लहान, म्हणून सहलीचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रतापगड-महाबळेश्वर, दोन दिवस, वर्गणी एकशे वीस रुपये. मी मोठ्या उत्साहानं फळ्याच्या कडेला एक चौकट आखली आणि पैसे भरणाऱ्या मुलांची नावं त्यात लिहायला लागले. आठवड्यात चौकट भरत आली. मग एका दुपारी चाची वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

“आवं बाई, ही नावं कशाची?”

“पैसे भरलेल्यांची.”

“म्हंजी न भरल्याली कोण, ते कुनाला इचारायला नको,” ती हळू म्हणाली. “झाकायची सोयच ठिवली न्हाई तुमी.”

मी म्हणाले, सहलीची सक्ती नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी येऊ नये. हे वाक्य मी तेव्हा फार समंजसपणे बोलले होते.

नसीम आली नाही. मागं राहिलेल्या मुलांना त्या दोन दिवसांत शाळेत मात्र यावंच लागे, कारण हजेरी होती. शिकवायला कोणी नसे. शिपाई त्यांच्याकडून मैदानातले दगड वेचून घ्यायचा. हे मला माहीत होतं आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सहलीनंतरच्या चाचणीत मी निबंध घातला, ‘आमची शैक्षणिक सहल’. नसीमनं लिहिलं, की सहलीच्या दिवशी त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग केला, एका दगडाखाली विंचू निघाला, आणि दुपारी वर्गात बसून महाबळेश्वरला किती थंडी असेल यावर सगळ्यांचं भांडण झालं. दीड पान होतं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मी दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लाल शाईनं लिहिलं, ‘विषयाला धरून नाही.’

चाचीला वाचता येत नव्हतं. लेकीनं घरी वाचून दाखवलं असणार. चाची पेपर घेऊनच शाळेत आली. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

“ज्यांनी महाबळेश्वर लिवलं त्यांना किती?”

“सात, आठ.”

“आन् दगडाला तीन.” तिनं पेपराची नीट घडी घातली. “सहल तुमची, इषय तुमचा, मार्कबी तुमचंच. पोरीनं खरं लिवलं, चुकलंच तिचं.”

गुण वाढवणं माझ्या हातात होतं. मी वाढवले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, ही बाई म्हणजे नुसती कटकट आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या वर्षी मी फळ्यावरची चौकट बंद केली आणि पैसे पाकिटातून मागवले. याचा चाचीशी काही संबंध नाही, असं सगळ्यांना सांगूनही टाकलं. तिला ते कळलंच. रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, “यंदा पाकीट हाय म्हनं. म्हंजी आता गुपचूप गरीब.”

तिसऱ्या वर्षी सहल कोयना धरणाला निघाली. शाळेपुढं पहाटे एसटी उभी होती. आई साताऱ्याहून माझ्याकडं आली होती. मुख्याध्यापक म्हणाले होते, गाडीत जागा आहे, आईंनाही घ्या. त्यांची बायको, दोन मुलं, क्लार्कचा मेव्हणा असे आणखीही काही पाहुणे होते. चाची पहिल्या गाडीनं बाजाराला जायला निघाली होती. ती पेटीसकट आमच्या गाडीच्या दाराशी आली.

“बाई, ह्या कोण?”

“माझी आई.”

चाचीनं आईला हात जोडले. मग तोच खालचा आवाज. “आई, तुमची वर्गणी किती भरली बाईनी? इचारते आपली, माझी पोरगी घरी हाय म्हनून.”

आई गडबडली. मी चाचीला म्हटलं, बाजूला व्हा, गाडी सुटायची आहे.

पाटण आलं तेव्हा आई माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “माझे पैसे तू भरलेस ना गं?”

मी म्हटलं, “हो.”

आईचा जीव भांड्यात पडला. धरण बघून ती लहान मुलीसारखी खूश झाली. वडील गेल्यावर शिलाई मशीन चालवून तिनं मला शिकवलं होतं. माझ्या शाळेच्या सहलीसाठी ती कुणाकुणाचे ब्लाउज रात्री जागून शिवायची, ते मला त्या धरणावर उभं असताना आठवलं. पैशाच्या बाबतीत मी तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले होते.

परत आल्यावर मी सगळ्या पावत्या काढून बसले. पाहुणे आणि आम्ही शिक्षक, आमचं प्रवासभाडं, जेवण, सगळं मुलांच्या वर्गणीतून गेलं होतं. मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते रागावलेसुद्धा नाहीत. “बाई, ही पद्धत आहे,” म्हणाले. “मास्तर खिशातून भरायला लागले तर सहल काढणार कोण?”

चौथ्या वर्षी मी अडून बसले. गाडीत बसणारा प्रत्येक मोठा माणूस पैसे भरेल, तरच मी सहलीचं काम बघेन. महिनाभर वादावादी झाली. दोघा शिक्षकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पाहुणे आपोआप गळाले आणि वर्गणी नव्वदवर आली. ही बातमी घेऊन मी चाचीच्या घरी गेले. तिनं आभार मानावेत असं मला वाटत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ती मापाप्रमाणे बांगड्या दोऱ्यात ओवत होती. बसा म्हणाली नाही.

“चाची, यंदा नव्वदच रुपये आहेत. नसीमचं दहावीचं वर्ष, पाठवा तिला.”

“नव्वद,” ती म्हणाली. “म्हंजी बाकीचं तीन वर्सं कोन खात हुतं, ते कळलं. पर नव्वदबी मला लयच हायत, बाई. तुमाला वाटलं, स्वस्त केलं म्हंजी झालं.”

मग मी चूक केली. म्हणाले, “नसीमचे मी भरते.”

तिनं हातातला दोरा खाली ठेवला. मला पुढं वाकावं लागलं.

“पोरीला एकदा फुकाट नेली, की तिला जल्मभर खिडकीची जागा मागता येत न्हाई. जावा तुमी.”

नसीम आतल्या दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला जायचं आहे का, हे आम्हा दोघींपैकी कुणीच तिला विचारलं नाही.

त्या वर्षी मी सहलीला गेले नाही. मागं राहिलेली एकतीस मुलं घेऊन, भाकरी बांधून, गावाबाहेरच्या तलावावर चालत गेले. शिपायाला सांगितलं, दगड राहू देत. नसीम आमच्यात नव्हती. चाचीनं तिला दोन्ही दिवस बाजाराला नेलं होतं. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत भिजलेली आमची रांग स्टँडवरून चालली होती, तेव्हा त्या दोघी गाडीतून उतरत होत्या. चाचीनं रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. नसीम मात्र जरा मागं रेंगाळली.

मे महिन्यात माझं लग्न ठरलं आणि मी सांगलीच्या शाळेत नोकरी बघितली. सामान घेऊन स्टँडवर आले तेव्हा चाची बाकाजवळ उभी होती. मीच सांगितलं, की शाळा सोडून चालले.

“सांगलीलाबी मास्तरीणच व्हनार न्हवं?”

“हो. नसीमला पुढं शिकवा, चाची.”

“ते तुमी सांगायला नको.”

तिची गाडी लागली. तिनं पेटी उचलली. पायरीवर चढता चढता थांबली आणि त्या खालच्याच आवाजात, पण पहिल्यांदाच दमल्यासारखं म्हणाली, “म्हंजी आता नवी बाई येनार. तिच्यासंगट परत पयल्यापासनं भांडायचं. तुमी आत्ता कुटं जरा वळनावर आला हुता.”