काढू नये असं लिहिलेली ओळ

नालवाडीतल्या आमच्या घरी उन्हाळ्यात कूलरच्या टाकीवरून रोज वाजायचं. पाणी भरायचं कोणाच्याच लक्षात राहत नसे, टाकी कोरडी पडे आणि पाणी चढवणारी छोटी मोटर तशीच घरघरत राहून जळून जाई. मी बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं. लग्नानंतर ते मागे पडलं होतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर प्रोग्राम चढवता येणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा सुरुवात केली. टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, बसवलं. पाणी तळाला गेलं की बोर्ड मोटर बंद करी आणि बझर वाजवी. प्रोग्राम पूर्ण माझा होता. अख्खा एप्रिल तो बिनतक्रार चालला.

मे महिन्यात धाकटे दीर पुण्याहून आले. ते सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. माझ्या लॅपटॉपवर वाकून म्हणाले, "वहिनी, तुम्ही हे सारं हातानं लिहून राह्यल्या? काऊन?"

"मले आवडते म्हणून."

मी ज्यात प्रोग्राम लिहायची त्या एडिटरमध्ये त्यांनी एआय असिस्टंट टाकून दिला. मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात त्यांनी त्याच्याकडून माझा प्रोग्राम 'साफ' करून घेतला आणि बोर्डात चढवलाही. मला दाखवला तेव्हा ओळखू आला नाही. मी मराठीत लिहिलेल्या सगळ्या टिपा गेल्या होत्या. त्यांच्या जागी गुळगुळीत इंग्रजी आली होती. दिरांनी टाकी रिकामी करून पाहिली, मोटर बंद झाली. "पाहा, चालून राह्यलं ना," ते म्हणाले. पाहुण्याशी वाद नको म्हणून मी पानं वाढली, पण जेवण गोड लागलं नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी सासूबाई कूलरसमोर झोपल्या होत्या. जळका वास आला म्हणून मी धावले. टाकीत थेंब नव्हता, मोटर जळाली होती, पंखा नुसती गरम हवा फेकत होता. सासूबाई घामानं भिजून उठल्या आणि माझ्यावरच उखडल्या. "तुले कोनं सांगतलं होतं कूलरले हात लावाले?"

"मी नाई लावला आई, भाऊजींनी लावला."

"तो इंजिनेर हाय."

दीर बाहेरून आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "टूल नाई चुकत वहिनी. तुम्ही त्याले नीट सांगितलं नसंन."

मी त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. पाणी संपलं की फ्लोट स्विच सुटतो, बोर्डाकडे येणारी त्याची तार अधांतरी राहते, आणि अशा तारेवर बोर्ड काहीही वाचतो. कधी पाणी आहे, कधी नाही. ते होऊ नये म्हणून मी एक ओळ घातली होती आणि वर लिहिलं होतं, 'ही ओळ काढू नये.' असिस्टंटनं टीपही काढली आणि ओळही. दिरांनी पाहिलं तेव्हा ते केवळ नशिबानं चाललं.

मी असिस्टंटलाच विचारलं, ती ओळ का काढली? उत्तर आलं, "तुमचं अगदी बरोबर आहे, क्षमस्व." लगेच त्यानं ओळ परत घातली, ती फ्लोट स्विचच्या पिनेऐवजी बझरच्या पिनेवर. मी चूक दाखवली, पुन्हा तेच: अगदी बरोबर, क्षमस्व. माझं डोकं फिरलं. समोर माणूस असता तर निदान त्याचं तोंड तरी उतरलं असतं. एरर आली की तिचा अर्थ तो चांगला समजावून देई, ते मी नाकारत नाही. पण मला न विचारता माझ्या कामात हात घालायचा आणि वर इतकं गोड बोलायचं, हे मला सहन झालं नाही. मी तो काढून टाकला.

यांनी नवी मोटर आणून बसवली. माझ्या किंवा भावाच्या, कोणाच्याच बाजूनं ते एक शब्द बोलले नाहीत, त्याचाही मला राग आला. मी जुना प्रोग्राम परत चढवला. दीर पुण्याला गेले आणि तिथून व्हॉट्सॲपवर सुधारलेला कोड पाठवला. मी उघडला नाही.

दिवाळीत दीर आले तेव्हा माझा लॅपटॉप उघडायला बसले.

"पासवर्ड काय ठेवला वहिनी?"

"नाई सांगत, भाऊजी."

ते हसले. त्यांना गंमत वाटली. मी चिवडा डब्यात भरत राहिले.