पट्ट्याला पट्टा

कात्रीकाकूंना प्रयोगशाळेतली नोकरी लागली ती शिक्षणामुळे नाही, एका शर्टामुळे. त्या तेव्हा शिंप्याच्या दुकानात कापड बेतायच्या. एकदा इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई नवऱ्याचा रेघांचा शर्ट न्यायला आल्या. त्यांनी तो उजेडात धरला आणि पाहतच राहिल्या. खिशावरच्या रेघा अंगावरच्या रेघांना अशा मिळाल्या होत्या की खिसा हाताने चाचपून शोधावा लागत होता.

"हे कोणी बेतलं? आमच्याकडे कामाला याल? कापायचंच काम आहे, फक्त कापड नाही."

काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. "बाई, माणसं कापायची मला नाही हो जमायची!"

काम होतं फोटो कापायचं. रुग्णाचं रक्त तीन दिवस उबेत ठेवलं की त्यातल्या पेशी वाढू लागत, एकीच्या दोन व्हायच्या बेतात येत. ऐन त्या घडीला औषध घालून त्यांना थांबवायचं. एरवी पेशीतली गुणसूत्रं म्हणजे विस्कटलेली लोकर, काही उमगत नाही. दोन व्हायच्या वेळी मात्र ती गुंडाळून आखूड, सुटी सुटी होतात. तेवढ्यात सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्यायचा, एकेक गुणसूत्र कापायचं, जोडीला जोडी लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. सेहेचाळीस तुकडे, तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. पुरुषाची शेवटची जोडी तेवढी विजोड. रंग दिल्यामुळे सगळ्यांवर काळे-पांढरे पट्टे उमटत.

"म्हणजे रेघांचंच कापड की!" काकू म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

महिन्याभरात त्यांचा हात बसला. त्या खोलीत पंखा लावायची कोणाची छाती नव्हती. एकदा काकूंना शिंक आली आणि एक तुकडा गायब झाला. अर्धा दिवस सगळे जमिनीवर रांगत होते. तुकडा निघाला काकूंच्याच कोपराला चिकटलेला.

कामाला लागून सहा वर्षं झाली असतील, तेव्हा ते जोडपं आलं. नवरा गवंडी, बायको छापखान्यात बांधणीचं काम करणारी. पाच वर्षांत तीन वेळा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. बरोबर सासू होती. काकूंच्या टेबलासमोरच बाहेरचं बाकडं, त्यामुळे बोलणं आत स्पष्ट ऐकू येई.

"खाण तशी माती," सासू म्हणत होती. "हिच्या आईलाही ही एकटीच. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

सून मान खाली घालून दंडावरचा कापूस दाबत बसली होती. गवंडी खिडकीची चौकट निरखत होता, जणू ती त्यानेच बसवलेली.

सुनेचा पुठ्ठा काकूंनी आधी केला. जोडी न् जोडी जुळली. मग नवऱ्याचा घेतला. चार नंबरच्या जोडीतलं एक आखूड भरलं, अकरा नंबरातलं एक लांब. काकूंनी पुठ्ठा डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.

"फोटोत ताणलं गेलं असेल," बाई घाईत म्हणाल्या.

काकू परत आल्या आणि त्याच माणसाच्या आणखी पाच पेशींचे फोटो कापले. पाचही ठिकाणी तेच. पट्टे त्यांनी भिंगातून वरपासून खालपर्यंत मोजले आणि पुन्हा बाईंकडे गेल्या.

"बाई, कापड ताणलं तर रेघा रुंद होतात, बदलत नाहीत. हे बघा. चारचा शेंडा अकराला लागलाय आणि अकराचा तुकडा चारला."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलल्या. "काकू, बरोबर आहे तुमचं."

तिघांना आत बोलावलं. बाईंनी पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवला आणि गवंड्याला समजावलं. "तुमच्याकडे सगळं आहे, काही सांडलेलं नाही. नुसती जागांची अदलाबदल झालीय, म्हणून तुम्ही धडधाकट. पण बाळाला प्रत्येक जोडीतलं एकेकच जातं. एक बदललेलं आणि एक साधं गेलं, की कुठे जास्त होतं, कुठे कमी. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्याकडून, तुमच्यामुळे नाही. यात कोणाचा दोष नसतो. शिवाय दोन्ही साधी जाऊ शकतात, किंवा दोन्ही बदललेली. मग बाळ ठणठणीत."

गवंड्याने बायकोकडे पाहिलं. "इतकी वर्षं तू ऐकून घेतलंस," एवढंच तो म्हणाला.

त्याच्यात ते कुठून आलं हे पाहायला आईवडिलांचं रक्त हवं होतं. वडील हयात नव्हते. सासूने कुरकुर न करता दंड पुढे केला. दहा दिवसांनी काकूंनी तिचा पुठ्ठा केला: आखूड चार, लांब अकरा. जसंच्या तसं.

ते ऐकल्यावर सासूने पुठ्ठा आपल्याकडे ओढून पाहिला. मग हळूच म्हणाली, "याच्या आधी माझेही दोन गेले होते. सासूबाई जे बोलायच्या ते मी कधी कोणाला सांगितलं नाही." तिने सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "आणि तेच मी हिला ऐकवलं."

सुनेने हात सोडवून घेतला नाही. "चला आई, घरी जाऊ," ती म्हणाली.

पुढे आणखी एकदा दिवस गेले, तेही टिकले नाहीत. पण त्या वेळी सासूच रजा टाकायला लावून सुनेला जपत होती. त्यानंतर मुलगी झाली. तिचं रक्त तपासणीला आलं तेव्हा काकूंनी पट्टे दोनदा मोजले. दोन्ही बदललेली गेली होती. कमी नाही, जास्त नाही.

"अगदी आजीवर गेलीय," काकूंनी दारातूनच आरोळी दिली.

"नाकावरूनच कळलं होतं मला!" सासू फुगून म्हणाली आणि नातीला सगळ्या खोलीभर दाखवून आणली. मोठी झाल्यावर मुलीला हे सांगायचं, असं बाईंनी बजावून ठेवलं.

पुढे संगणक आला. कापायचं काम सुटलं, पण काकू सुटल्या नाहीत. जोड्या तो लावी आणि चुका त्या काढत. नव्या मुलींना त्या एकच सांगत, "आधी पट्टे बघा, मग लांबी." निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं. उजेड चांगला येतो. दुपारी शेजारणी येऊन बसतात आणि काकू रेघांचेच शर्ट शिवायला घेतात. साध्या कापडाला नाही म्हणतात, त्यात काय मजा, असं त्यांचं म्हणणं.